पाळी बदलतानाची दहा मिनिटं

मंडळी, ‘टीमवर्क’वर बोला म्हटलं की आयोजकांच्या मनात बहुतेक लोणावळ्याची सहल असते. रस्सीखेच, डोळ्यांवर पट्टी बांधून चालणं, जेवण, ग्रुप फोटो. त्यात वाईट काही नाही, माणसं मोकळी होतात. पण सोमवारी काय होतं? एका पाळीचा माणूस पंचिंग करून बसकडे धावतो, दुसऱ्या पाळीचा गेटातून आत येतो, दोघं एकमेकांना हात करतात आणि संपलं. मशिनजवळ त्यांची गाठच पडत नाही. एका लाइनवर खांद्याला खांदा लावून उभे असलेले चौघं आपापसात कसंबसं जमवून घेतात, कारण चूक झाली की ती समोर दिसते. ज्याचं तोंडही धड दिसत नाही त्याच्याबरोबर काम करणं अवघड. म्हणून आज फक्त पाळी बदलतानाच्या दहा मिनिटांबद्दल बोलू.

सीएनसी टर्निंगचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचं उदाहरण घ्या. शाफ्टचा व्यास 25 मिलिमीटर, टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, शून्य ते उणे 21 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). म्हणजे 25.000 ते 24.979 च्या मध्येच राहायचं. दुसऱ्या पाळीत इन्सर्ट, म्हणजे धातू कापणारं बदलतं पातं, झिजत जातं, तसा व्यास वाढू लागतो. मशिन जुळवणारा सेटर मोजत मोजत एक्स अक्षाच्या वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढणाऱ्या आकड्यात, एकूण उणे 0.03 मिलिमीटर घालतो. त्याचं काम त्यानं चोख केलं. रात्री तिसरी पाळी येते, इन्सर्टची धार गेलेली दिसते, ऑपरेटर नवं बसवतो. त्याचंही बरोबर. पण ते उणे 0.03 कंट्रोलरमध्ये तसंच बसलेलं असतं. शाफ्ट निघतो 24.96 चा. जाड राहिला असता तर पुन्हा एक कट मारून वाचला असता, बारीक झालेला थेट भंगारात. सायकल टाइम 45 सेकंद आणि मोजणी तासाला एकदा असेल, तर कळेपर्यंत 80 नग गेलेले असतात.

इन्सर्ट बदललं की पहिला नग मोजायचा, हा नियम बहुतेक ठिकाणी भिंतीवर असतो. मग तो मोडतो कुठं? मायक्रोमीटर क्वालिटीच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली जनरल शिफ्टच्या माणसाच्या खिशात, असं असलं की मोडतो. आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये वाद होतो तो रिजेक्शन कुणाच्या नावावर टाकायचं याचा. ऑफसेट लिहून का ठेवला नव्हता, हे कुणी विचारत नाही.

हे 80 शाफ्टपुरतं असेल तर नुकसान पैशाचं. 6 जुलै 1988 ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायूच्या फलाटावर 167 माणसं गेली. तिथं द्रवरूप वायू पुढे ढकलणारे दोन पंप होते. दिवसपाळीत ‘ए’ पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह तपासणीसाठी काढला आणि उघड्या पाइपाच्या तोंडावर झाकण लावलं. संध्याकाळी काम अपुरं राहिलं. तशी परमिटवर, म्हणजे कामाच्या परवान्यावर, नोंद झाली, पण पाळी बदलण्याच्या गडबडीत रात्रपाळीला व्हॉल्व्ह काढलाय हे तोंडी कुणी सांगितलं नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘बी’ पंप बंद पडला. रात्रपाळीनं कागद बघितले. ‘ए’ पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा परमिट सापडला आणि ती दुरुस्ती सुरूच झाली नव्हती. व्हॉल्व्हचा परमिट वेगळा होता आणि तो त्यांच्या हाती लागला नाही. पंप सुरू केला, झाकणातून वायू सुटला, दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात 1990 मध्ये 106 शिफारशी आल्या, आणि परमिटची व पाळी सोपवण्याची पद्धत त्यातला महत्त्वाचा भाग होता.

यातली एक गोष्ट आपल्या शॉपला जशीच्या तशी लागू आहे. नोंद झालेली होती. ज्याला हवी होती त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती. म्हणून गार्ड काढलंय, सेन्सर बायपास केलाय, इंटरलॉक (दार उघडं असताना मशिन चालू न देणारी कळ) तोडलाय, असं काहीही असेल तर त्याची खूण रजिस्टरमध्ये असून भागत नाही, ती मशिनच्या स्टार्ट बटणावर लटकायला हवी. लाल टॅग, त्यावर तारीख, वेळ, लावणाऱ्याचं नाव. ज्यानं लावला त्यानंच काढायचा. तो घरी गेला असेल तर सुपरवायझरनं त्याला फोन करून, स्वतः बघून, मगच.

आता दहा मिनिटं कशी वापरायची. चार्ज देणं-घेणं मशिनपाशी व्हायला हवं, केबिनमध्ये चहाच्या टेबलावर नाही. येणाऱ्यानं आधी तीन-चार मिनिटं एकट्यानं फेरी मारायची. मशिनचा आवाज, टेबलावरचे नग, रिजेक्शनचा लाल ट्रे, कूलंटची पातळी. त्याचे प्रश्न तिथंच तयार होतात. मग जाणारा सांगतो, तेही ठरलेल्या क्रमानं: काय चालू आहे, काय बदललं, काय अर्धवट आहे, काय काढून किंवा बंद करून ठेवलंय. ‘काय बदललं’ला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण माणूस नेमकं तेच विसरतो. सहा तासांपूर्वी बदललेली गोष्ट त्याच्या लेखी आता नेहमीची झालेली असते.

शेवटी येणाऱ्यानं ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. “म्हणजे चार नंबरला उणे 0.03 आहे आणि इन्सर्ट बदललं की ते शून्य करायचं.” सुरुवातीला लोकांना शाळेत धडा म्हणून दाखवल्यासारखं वाटतं, हसतात. हसू द्या, पण सोडू नका. नुसत्या मानेनं ‘हो’ म्हणणाऱ्याला काय कळलं ते कुणालाच कळत नाही. लॉगबुकमध्ये ‘सर्व ओके’ हे दोन शब्द मी तर बंदच करीन. काही बदललं नसेल तर ‘बदल नाही’ असं लिहावं, ते निदान तपासता येतं.

दहा मिनिटं दोन्ही पाळ्या एकत्र ठेवायच्या म्हटलं की वेळेचा मुद्दा निघतोच. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 58 नुसार एकाच प्रकारच्या कामावर एकाच वेळी दोन पाळ्या लावता येत नव्हत्या, सूट हवी तर लेखी आदेश लागे. आजच्या तरतुदी तुमच्या एचआरला विचारून घ्या. पण कायदा पुढं करून ही दहा मिनिटं फुकटात काढून घेणं मला पटत नाही. ती कामाचीच वेळ आहे, तिचे पैसे द्यायचे. आणि बस पाळी संपल्यावर पाच मिनिटांनी सुटत असेल तर बाकी सगळं व्याख्यान व्यर्थ आहे. आधी बस पंधरा मिनिटं पुढे ढकला.

मग येतो उत्पादनाचा बोर्ड. पाळीवार आकडे लावले की पाळ्या एकमेकींशी खेळायला लागतात. सोपे नग आपण काढायचे, इन्सर्ट बदलणं पुढच्यावर ढकलायचं, धातूचा कीस वाहून नेणारा चिप कन्व्हेअर भरलेला तसाच सोडायचा. यात माणसं वाईट नसतात, बोर्ड तसा असतो. आकडा 24 तासांचा एकच लावा. त्याच्या जोडीला आणखी एक मोजा: पुढच्या पाळीच्या पहिल्या तासातलं उत्पादन आणि रिजेक्शन. ते जाणाऱ्या पाळीच्या खात्यावर धरा. मशिन नीट हाती दिलं की नाही, हे त्या तासात दिसतं. मात्र सेटरनं खरा ऑफसेट लिहिला म्हणून त्याला मेमो देणार असाल, तर तो पुन्हा कधी लिहिणार नाही, आणि त्यात चूक तुमची असेल.

भाषेचंही बघा. चाकणच्या लाइनवर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाची मुलं आहेत. मराठीत सुंदर लॉगबुक लिहून त्यांना उपयोग शून्य. आकडे, मशिनचं चित्र, त्यावर बोट ठेवून खूण, जिथं शब्द लागेल तिथं हिंदी. मोबाइल आत चालत असेल तर ऑफसेट स्क्रीनचा एक फोटो दहा ओळींचं काम करतो.

सगळ्या लाइनींवर एकदम सुरू करू नका. जिथं रिजेक्शन जास्त ती एक लाइन घ्या, चार आठवडे चालवा. सोमवारची पहिली पाळी मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी धरा. रविवारी सुट्टी, शनिवारी रात्री गेलेला माणूस घरी, पाळ्याही फिरलेल्या, म्हणजे समोरासमोर सांगायला कुणीच नाही. मधल्या काळात मेंटेनन्सनं रविवारी येऊन काहीतरी उघडलेलं असतं ते वेगळंच. त्या दिवशी उत्पादनाचं टार्गेट अर्धा तास उशिरा सुरू धरा, टॅग मोजा, ऑफसेट शनिवारच्या नोंदीशी पडताळा, प्रत्येक मशिनचा पहिला नग मोजा. आणि मायक्रोमीटरच्या कपाटाची एक किल्ली तिथंच खिळ्याला टांगून ठेवा.