मुक्कामाची शहरे आणि भेटीची शहरे

श्रोतेहो, नमस्कार.

परदेशातील सुटीचा बेत ठरू लागला की सर्वांत आधी तयार होते ती शहरांची यादी, आणि ती हाती असलेल्या दिवसांपेक्षा जवळजवळ नेहमीच लांब असते. इटलीला जायचे म्हटले की रोम, फ्लॉरेन्स आणि व्हेनिस ही तीन नावे कोणी न सांगताच यादीत येऊन बसतात. पाठोपाठ मिलान येते, पिसाचा कलता मनोरा येतो, पॉम्पेई येते, आणि समुद्रकाठच्या कड्यांवरील रंगीत घरांची छायाचित्रे ज्याने पाहिलेली असतात तो चिंक्वे तेर्रेसाठी हटून बसतो. यादीला कात्री लावायची वेळ आली की प्रत्येक नावाच्या मदतीला एकच युक्तिवाद धावून येतो, तो म्हणजे ‘इकडे आपण पुन्हा कधी येणार?’ हा युक्तिवाद मला मुळातच उलटा वाटतो. पुन्हा येणे खरोखरच होणार नसेल, तर जे पाहायचे ते घाईगर्दीत उरकण्याचे कारण आणखी कमी होते.

यादी कापण्याआधी हिशेब मांडावा, आणि तो दिवसांचा न मांडता रात्रींचा मांडावा. सुटी दहा दिवसांची असली की आपण मनात दहा दिवस धरतो. प्रत्यक्षात दहा दिवसांत नऊ रात्री येतात, त्यांतली एक रात्र बहुधा विमानात जाते, आणि उरतात त्या आठ. पहिल्या दिवशी शरीराचे घड्याळ निघाल्या ठिकाणच्या वेळेवरच चालत असते. पूर्वेकडे जाणाऱ्याला ते जुळवून घेणे पश्चिमेकडे जाणाऱ्यापेक्षा जड जाते. त्या दिवशी संग्रहालयाचे वेळ ठरलेले तिकीट काढून ठेवणे म्हणजे पैसे देऊन पेंगत उभे राहण्याची सोय करणे होय. म्हणून त्या आठ रात्रींपैकी पहिलीकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

आता शहर बदलण्याच्या एका दिवसाकडे जवळून पाहू. रोम ते फ्लॉरेन्स वेगवान रेल्वेने साधारण दीड तास लागतो. वेळापत्रकात हा दीड तास इतका किरकोळ दिसतो की त्यासाठी काही सोडावे लागेल असे वाटतच नाही. परंतु सकाळी उठून सामान बांधणे, खोलीत काही राहिले नाही ना हे पुन्हा पाहणे, दहा-अकराच्या आत हॉटेल सोडणे, तेर्मिनी स्थानक गाठणे, फलाटाचा क्रमांक फलकावर झळकेपर्यंत मान वर करून उभे राहणे, मग तो दीड तासाचा प्रवास, उतरल्यावर बॅगा ओढत नवे हॉटेल शोधणे, आणि तेथील खोली दुपारी दोन-तीनपर्यंत मिळणार नसल्याने बॅगा स्वागतकक्षात ठेवून बाहेर पडणे, एवढे सगळे झाल्यावर नव्या शहरातील पहिले पाऊल दुपारी पडते. दीड तासाच्या प्रवासाने अर्धा दिवस खाल्लेला असतो. विमानाने शहर बदलणाऱ्याचा तर बहुतेक सगळा दिवस जातो, आणि स्वस्त विमानसेवेचे तिकीट काढलेले असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ‘पॅरिस-बोव्हे’ या नावात पॅरिस असले, तरी तो विमानतळ पॅरिसपासून सुमारे ८५ किलोमीटर दूर आहे.

अर्ध्या दिवसाची ही किंमत एकदा मान्य केली की यादीतील प्रत्येक नावाला विचारायचा प्रश्न बदलतो. ‘हे शहर पाहण्यासारखे आहे का?’ असे विचारण्यात काही अर्थ नाही, कारण यादीतील सगळीच शहरे पाहण्यासारखी असतात, म्हणून तर ती यादीत आलेली असतात. विचारायचे ते असे, की या शहराची संध्याकाळ आणि सकाळ आपल्याला हवी आहे का? हवी असेल तर ते मुक्कामाचे शहर. नसेल, दुपारच्या चार-पाच तासांत त्याचा सारांश हाती येत असेल, तर ते भेटीचे शहर, आणि तेथे बॅगा घेऊन जाण्याचे काही कारण नाही.

या कसोटीवर व्हेनिस मुक्कामात बसते, आणि ते अगदी ठामपणे बसते. दिवसा सान मार्को चौकात आणि रिआल्तोच्या पुलावर माणसांच्या रांगांतून सरकावे लागते. एका दिवसापुरते येणारे लोक इतके असतात की त्यांच्यासाठी २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क आकारले जाऊ लागले. संध्याकाळी ही मंडळी परत फिरली की त्याच गल्ल्या मोकळ्या होतात, आणि मोटारींचा आवाज नसलेले शहर कसे असते ते कानांना कळते. त्यामुळे व्हेनिस सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या बेतात घालणारा त्याची सर्वांत गैरसोयीची वेळ निवडत असतो. मुख्य भूमीवरील मेस्त्रेमध्ये स्वस्तात राहण्याचा सल्लाही बरेच जण देतात. रेल्वेने अंतर दहा-बारा मिनिटांचे असल्याने सल्ला वाईट नाही, मात्र ज्या रात्रीसाठी व्हेनिस यादीत आले ती रात्र त्यात मेस्त्रेला जाते. व्हेनिसमध्येच राहायचे तर पुलांच्या पायऱ्यांवरून जड बॅग चढवण्याची तयारी हवी.

पिसाचे नेमके उलट आहे. मनोरा, कॅथेड्रल आणि बाप्तिस्मागृह एकाच हिरवळीवर उभी आहेत, फ्लॉरेन्सहून रेल्वेने तासाभरात पोहोचता येते, आणि अर्ध्या दिवसात परतही येता येते. पॉम्पेईला जाण्यासाठी नेपल्समध्ये हॉटेल घेतलेच पाहिजे असे नाही. रोमहून नेपल्स वेगवान गाडीने तासाभराहून थोडे अधिक, तेथून स्थानिक रेल्वेने आणखी अर्धा-पाऊण तास, असा दिवस लांबतो खरा, पण निभतो. स्वतः नेपल्स ज्याला अनुभवायचे आहे, त्या शहराच्या अरुंद, कलकलाटाच्या रस्त्यांत ज्याला हिंडायचे आहे, त्याने तेथे जरूर राहावे आणि त्यासाठी दुसरे काही सोडावे. काय सोडावे हे ज्याचे त्याने ठरवावे. मी स्वतः मिलान सोडले असते.

मिलानबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ते वेगळ्या जातीचे उदाहरण आहे. काही शहरे एका तिकिटासाठी यादीत येतात. मिलानमध्ये सान्ता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दो दा विंचीने रंगवलेले ‘अंतिम भोजन’ पाहण्यासाठी लहान लहान गट आत सोडले जातात, प्रत्येक गटाला केवळ १५ मिनिटे मिळतात, आणि नोंदणी बरीच आधी करावी लागते. स्पेनमध्ये ग्रनाडाचे तसेच. तेथील अलहंब्रा या किल्ल्यातील नासरी राजवाड्यांत तिकिटावर छापलेल्या वेळीच प्रवेश मिळतो आणि गर्दीच्या काळात ही तिकिटे फार आधी संपतात. अशा शहरांच्या बाबतीत क्रम उलटा ठेवावा. आधी तिकीट मिळते का ते पाहावे, मिळाले तर त्या तारखेभोवती मुक्काम बसवावा, आणि न मिळाले तर ते शहर फारशी हळहळ न करता यादीतून काढावे. हॉटेल आधी आणि तिकीट नंतर असे करणारे लोक अलहंब्राच्या तटाबाहेर फिरताना दिसतात.

शहरे निवडताना नकाशावरची ओळही पाहावी. ज्या शहरात उतरलो तेथूनच परतीचे विमान घ्यायचे असा नियम नाही. येताना व्हेनिस आणि जाताना रोम असे एकच तिकीट विमान कंपन्या देतात, आणि पुष्कळदा त्याची किंमत साध्या जाण्या-येण्याच्या तिकिटाच्या जवळपासच असते. आठ रात्रींपैकी व्हेनिसला दोन, फ्लॉरेन्सला दोन आणि रोमला चार अशी वाटणी केली, तर पिसा आणि पॉम्पेई दिवसाच्या भेटीत बसू शकतात आणि परतीच्या रेल्वेचा अर्धा दिवस वाचतो. पहिला, डोळे मिटू पाहणारा दिवस व्हेनिसमध्ये काढणे हेही सोयीचे. तेथे वाट चुकत चालणे हाच मुख्य कार्यक्रम असतो आणि त्याला वेळ ठरलेले तिकीट लागत नाही.

जपानमध्ये हेच तोक्यो आणि क्योतो यांच्याबाबत करता येते. तोक्योला उतरावे, शिंकान्सेन या अतिवेगवान रेल्वेच्या नोझोमी गाडीने सव्वादोन तासांत क्योतो गाठावे, आणि परतीचे विमान ओसाकाजवळच्या कान्साई विमानतळावरून घ्यावे. क्योतो आणि ओसाका ही दोन नावे यादीत वेगवेगळी असल्याने लोक दोन हॉटेले घेतात, परंतु साध्या जलद गाडीने त्यांत अर्ध्या तासाचेच अंतर आहे. एका ठिकाणी राहून दुसरे पाहता येते, आणि नारा हे शहरही त्याच मुक्कामातून तासाभराच्या आत गाठता येते. जपानमध्ये आणखी एक चांगली सोय आहे. हॉटेलच्या स्वागतकक्षात दिलेली बॅग कुरिअर सेवा पुढच्या शहरातील हॉटेलवर बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचवते, त्यामुळे शहर बदलण्याचा दिवस पुष्कळ हलका होतो.

युरोपात आणखी एक अडसर नकाशावर दिसत नाही, तो पारपत्रावर दिसतो. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन क्षेत्रात आज २९ देश आहेत आणि ब्रिटन त्यांत नाही. ज्यांना शेंगेन व्हिसा लागतो त्यांच्या हाती एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल, तर पॅरिसहून लंडनला जाऊन अॅमस्टरडॅमला परत येण्याचा बेत कागदावर कितीही सुरेख दिसला तरी सीमेवर मोडतो. अशा वेळी लंडन सुरुवातीला किंवा शेवटी ठेवावे, आणि ब्रिटनचा व्हिसाही लागत असेल तर त्या वेगळ्या अर्जाचा खर्च आणि वेळ धरून मगच लंडन यादीत ठेवावे की नाही ते ठरवावे. शिवाय शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक काळ राहायचे त्याच्याकडे करायचा असतो, म्हणून रात्रींची वाटणी अर्जाच्या आधी पक्की झालेली बरी.

आठवड्याचा वार हा तर विसरला जाणारा तपशील. पॅरिसचे लूव्र मंगळवारी बंद असते आणि ओर्से संग्रहालय सोमवारी. फ्लॉरेन्सचे उफ्फीत्सी कलादालनही सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर इतर रविवारी बंद. फ्लॉरेन्सला रविवारी दुपारी पोहोचून मंगळवारी सकाळी निघणाऱ्याच्या वाट्याला नेमका एक पूर्ण दिवस येतो आणि तो सोमवार असतो. शहरांचा क्रम उलटवला की ही अडचण सहसा एकही पैसा न खर्चता सुटते. ऋतूचेही तसेच आहे. जूनमध्ये स्टॉकहोमला १८ तासांहून अधिक उजेड असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम सहा तास, तेव्हा हिवाळ्यात उत्तरेकडील शहरांना उन्हाळ्याइतक्याच रात्री देऊन तेवढेच पाहून होईल असे समजू नये.

सोबत चार माणसे असतील तर प्रत्येकाला एकेक शहर वाटून देण्याची तडजोड केली जाते. ती न्याय्य वाटते खरी, पण तिच्यातून चार शहरांचा प्रवास तयार होतो आणि कोणालाच आपले शहर पुरेसे मिळत नाही. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्याला नको असलेले एक शहर सांगावे. यादी झपाट्याने लहान होते, आणि नको असलेल्या शहरांवर माणसे हव्या असलेल्या शहरांइतकी भांडत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

शेवटची रात्र मात्र कोणत्याही परिस्थितीत परतीचे विमान जेथून सुटते त्याच शहरात काढावी. आदल्या संध्याकाळी दुसऱ्या शहरात थांबून पहाटेच्या रेल्वेने विमानतळ गाठण्याचा बेत एक शहर वाढवतो, परंतु इटलीत आणि फ्रान्समध्ये रेल्वेचे संप अधूनमधून होतच असतात, आणि त्या सकाळी गाडी रद्द झाली तर विमान कोणासाठी थांबत नाही. रोमहून दुपारचे विमान असेल तर सकाळी तेथील फियुमिचिनो विमानतळाला जाणारी गाडी तेर्मिनीहूनच मिळते. ३२ मिनिटांत ती तेथे पोहोचते.

नमस्कार.