आधी पाण्याची वाट, मग टाईल्स

नमस्कार मंडळी. आज आपण बोलणार आहोत चार बाय पाचच्या बाथरूमबद्दल. आपल्या सोलापुरात पेठांतल्या जुन्या घरांत, चाळीत, घरकुलात बहुतेक ठिकाणी एवढंच बाथरूम असतं, आणि नळाला पाणी रोज येत नाही म्हणून त्यातली निम्मी जागा पिंपानं धरलेली असते. ते नीट करायचंय पण पैसे मोजके आहेत, तर सुरुवात कुठून करायची? मी एकच गोष्ट सांगणार आहे, दोनतीनदा सांगणार आहे. आधी पाण्याची वाट, मग टाईल्स.

माझ्या आत्याचं घर साखर पेठेत आहे. जुनं घर, न्हाणीघर जिन्याखाली, खाली शहाबादी. भिंतीला कमरेपर्यंत ओल, गिलाव्याचे पापुद्रे सुटलेले, आणि भिंतीच्या पलीकडं कपड्यांचं कपाट, त्यामुळं आत्याच्या चांगल्या इरकली साड्यांना सुद्धा कुबट वास यायचा. दादा म्हणजे आत्याचा मुलगा पुण्याला असतो, तो सुट्टीत आला, आईचे हाल बघून त्याला वाईट वाटलं आणि तो थेट शोरूममध्ये जाऊन टाईल्स पसंत करून आला, छतापर्यंत टाईल, नवीन फरशी, शॉवर, काचेचं पार्टिशन, कोटेशन गेलं लाखाच्या वर. आत्या म्हणाली, अरे एवढ्यात माझ्या नातीचं एक वर्ष शिकून होईल की.

मग तिनं मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री शहराच्या पूर्वभागातले, म्हणजे तेलुगू वस्तीतले, घरात तेलुगू, साईटवर कन्नड, आमच्याशी मराठी. आले, चपला काढल्या, आत डोकावले. टेप नाही काढला, वही नाही काढली. म्हणाले, "अक्का, एक बादली पाणी द्या की ओ."

पाणी दिलं. त्यांनी ते फरशीवर सावकाश ओतलं आणि उंबऱ्यावर बसून राहिले. आम्ही सगळे मागं उभे, दादा घड्याळ बघतोय. थोडं पाणी मोरीकडं गेलं, बाकीचं वळलं आणि कपाटाच्या बाजूच्या कोपऱ्यात जाऊन थांबलं. मग त्यांनी नातीकडं गोटी मागितली. गोटी मोरीच्या तोंडाशी ठेवून सोडली, तर ती मोरीकडं पाठ करून त्याच कोपऱ्यात जाऊन भिंतीला टेकली. मिस्त्री दादाला म्हणाले, "मालक, तुमचं पाणी इकडं जातंय. वरनं टाईल लावली तर ओल काय जाणार नाही, टाईलच्या मागं लपून बसंल." दादा खाली बसला, त्यानं स्वतः गोटी परत सोडून बघितली. परत तिथंच.

काम असं झालं. शहाबादी जपून उचलली, एकसुद्धा फोडली नाही. खालचा कोबा नवा घातला, मोरीकडं फुटाला पाव इंच ढाळ देऊन. फरशी आणि भिंत मिळते तिथं सिमेंटची गोलाई केली, त्यावर वॉटरप्रूफिंग, आणि ते भिंतीवर फूटभर चढवलं. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, मोरीचं तोंड कापड कोंबून बंद करायचं, पाणी भरायचं आणि 24 तास तसंच ठेवायचं, पातळी उतरते का बघायची. आत्या म्हणाली आज पाण्याचा दिवस नाही हो, पिंपातलं यात घातलं तर स्वयंपाकाला काय? मिस्त्री म्हणाले मग पाणी येईल तेव्हा येतो, तोपर्यंत फरशी बसवणार नाही. आणि खरंच थांबले. दुसरा कुणी असता तर चला चला म्हणून उरकलं असतं. पाणी आलं त्या दिवशी भरलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी तिथंच, कपाटामागची भिंत कोरडी, मग त्याच जुन्या शहाबाद्या घासून परत बसवल्या. भिंतीला टाईल फक्त चार फूट, त्यासुद्धा दुकानात उरलेल्या लॉटमधल्या, वर पांढरा रंग. दादाच्या कोटेशनच्या निम्म्याहून बराच कमी खर्च आला.

इथं मला एक बोलायचंय. आपण शोरूममध्ये लावलेल्या भावाला टाईल घेतो आणि घरी येऊन मिस्त्रीच्या मजुरीत घासाघीस करतो. हे मला अजिबात पटत नाही. टाईल स्वस्तातली चालते, हात स्वस्तातला चालत नाही. अशी जाणती माणसं आपल्या गावात अजून आहेत, त्यांना त्यांचा दाम द्या.

तर परत सांगते, आधी ढाळ, आधी मोरी, आधी गळती. नळ ठिबकत असेल तर बरेचदा नुसता वॉशर किंवा स्पिंडल बदलून भागतं, अख्खा नळ नको. टाईल्स जुन्या पण घट्ट असतील, टकटक केल्यावर पोकळ वाजत नसतील, तर काढूच नका, फक्त सांधे खरवडून नवीन ग्राउट भरा, बाथरूम बदलल्यासारखं दिसतं. खालची टाईल घ्यायची तर मॅट घ्या, घरात म्हातारं माणूस असेल तर चकचकीत टाईलकडं बघूसुद्धा नका.

बोअरचं पाणी जड, त्यामुळं नळाच्या जाळीवर पांढरा थर बसतो. जाळी काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. पण शहाबादीवर ॲसिड ओतू नका, व्हिनेगर नको, लिंबूही नको. शहाबादी म्हणजे चुनखडी, ॲसिड पडलं की फसफसते आणि खडबडीत होते, मग त्यात मळ जास्तच बसतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

शॉवरचं विचाराल तर मला विचारू नका, मी बादली-तांब्याच्या बाजूची आहे. जिथं पाणी साठवून वापरतो तिथं दोन बादल्यांत होणारी आंघोळ सोडून शॉवरखाली कशाला उभं राहायचं? तेवढ्या पैशात दाराच्या मागं चार दणकट हूक लावा आणि त्यावर आपल्या गावात विणलेला टॉवेल टाका. जगभर जातो आपला टॉवेल, आपल्याच बाथरूममध्ये दुसरीकडचा का?

आणि वाचलेल्या पैशातला पहिला रुपया विजेवर घाला. गीझरला अर्थिंग पाहिजे, आणि लाईनवर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे सुरक्षेचा स्विच पाहिजे, शॉक बसायच्या वेळी तो लाईन तोडतो. गॅस गीझर असेल तर तो बंद बाथरूमच्या आत नकोच, बाहेर मोकळ्या हवेत बसवून घ्या, कारण कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो आणि कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो. हे मी परत सांगते, गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर.

काम काढायचं तर ऐन एप्रिल-मेमध्ये काढू नका, आपल्याकडच्या उन्हात सिमेंट भराभर सुकतं आणि तडे जातात, मारायला पाणीही पुरत नाही. दिवाळीनंतर काढा. शेजारी आधीच सांगून ठेवा की चार दिवस आंघोळीला तुमच्याकडं येऊ, आणि मिस्त्री आले की पहिल्यांदा त्यांच्या हातात पाण्याची बादली द्या.

नमस्कार.