इलोइलो: धक्क्याच्या आधीचे माग

मंडळी, व्याख्यानाचा विषय ‘इलोइलो बंदराचा इतिहास’ असा जाहीर झालाय. फिलिपिन्समधल्या पनाय बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरचं हे गाव. समोर गिमारास बेट आडवं पडलंय, त्यामुळे मधल्या सामुद्रधुनीत नांगरलेल्या गलबताला आडोसा मिळतो. गावातून जाते तिला ‘इलोइलो नदी’ म्हणतात, पण ती खरं तर खाडीच. भरतीचं खारं पाणी थेट घरांपर्यंत येतं. समोर कोकणातली मंडळी बसलीत, त्यांना खाडीकाठचं गाव म्हणजे काय हे मी सांगायला नको.

पण मी धक्क्यापासून सुरुवात करणार नाही, धाग्यापासून करणार. तेव्हा फिलिपिन्सवर राज्य करणाऱ्या स्पेननं १८५५ साली हे बंदर परदेशी व्यापाराला खुलं केलं, तिथून गोष्ट सुरू करून लोक एकदम साखरेवर येतात. त्याआधी या भागात घरोघरी माग चालत होते. ते वगळले, तर साखर आली कुठून हेच कळत नाही.

अननसाच्या पानाचा धागा घ्या. त्याला ‘पिन्या’ म्हणतात. पान फळीवर आडवं धरायचं आणि फुटक्या चिनी मातीच्या बशीच्या कडेनं वरचा हिरवा थर खरवडायचा. आधी सुटतो तो जाडा धागा, ‘बास्तोस’. त्याच्या खाली बारीक ‘लिनिवान’ असतो. तिथे बशी बाजूला ठेवायची आणि करवंटी घ्यायची, कारण हा धागा जास्त नाजूक. मग धुवायचं, वाळवायचं. यानंतरचं काम सगळ्यात चिकाटीचं. तंतू पानाएवढाच लांब, म्हणून तो कापसासारखा कातत नाहीत. एकाचं टोक दुसऱ्याला गाठ मारून जोडत जातात. गाठीचं शेपूट लांब राहिलं तर ते फणीत अडकतं आणि ताणा तुटतो. हवा कोरडी झाली तरी धागा तुटतो. शिवाय रानकेळीच्या सोपाच्या धाग्याचं ‘सिनामाय’ होतं, चिनी रेशमाचं ‘हुसी’ होतं. विणणाऱ्या बहुतेक बायका, आणि त्यांचं कापड मनिलाच्या बाजारात जायचं. या बायकांची नावं इतिहासात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१८५६ मध्ये निकोलस लोनी हा इंग्रज इथे ब्रिटनचा उपवाणिज्यदूत म्हणून आला. तो व्यापारीही होता. ‘पतद्योंग’ म्हणून तिथल्या बायका कमरेला गुंडाळतात त्या चौकड्याच्या वस्त्राची नक्कल इंग्लंडच्या गिरण्यांतून येऊ लागली, तीही स्वस्तात. पूर्वी परदेशी माल मनिलाला उतरून मग इकडे यायचा. आता जहाज थेट दारात. मागांचं कंबरडं मोडलं.

चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं उरलीत. तेव्हा बंदराचं भराभर सांगतो.

कापड उतरवलेल्या जहाजाला परतीचा माल हवा, नाहीतर फेरी अंगावर येते. तो माल म्हणजे साखर. लोनीनं बागाईतदारांना लोखंडी चरक उधारीवर दिले, फेड साखरेच्या पैशातून. मोलो आणि हारो या लगतच्या गावांतले कापडाचे व्यापारी भांडवल घेऊन समोरच्या नेग्रोस बेटावर गेले, मजूरही गेले. तिथली पद्धत आपल्या गुऱ्हाळासारखीच: चरकात रस, उघड्या काहिलीत आटवण, मळी काढायला चुना. साखर शिडाच्या लोर्चा गलबतांतून खाडीकाठच्या वखारींत यायची. मापाचं एकक पिकुल, साधारण ६३ किलो. १८६९ मध्ये लोनी वारला. धक्क्याला आजही ‘मुएये लोनी’ म्हणतात.

ऑगस्ट १८९८ मध्ये मनिला अमेरिकनांच्या हाती पडल्यावर स्पेनच्या इथल्या राजवटीची राजधानी काही महिने इलोइलोत होती. डिसेंबरात स्पॅनिश सैन्य निघून गेलं. फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकन सैन्य उतरलं, तेव्हा गावाचा मोठा भाग जळाला. पुढे नेग्रोसवर आधुनिक साखर कारखाने आले आणि साखर तिथूनच थेट जहाजावर चढू लागली. इलोइलोच्या वखारी आणि हमालांचं काम आटलं. मग १९४२ मध्ये जपानी आले.

माग मात्र पुरते बंद पडले नाहीत. इलोइलोच्या पश्चिमेला मियागाओत बायका आजही हातमागावर ‘हाब्लोन’ विणतात. ‘हाबोल’ म्हणजे विणणं, त्यावरून हा शब्द. पनायच्या उत्तरेला कालिबोत पिन्या होतो, आणि त्या विणकामाला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. बशीनं खरवडणं आणि गाठ मारणं तिथे अजून हातानंच चालतं.