माकिनेझ पॅलेस : वाड्याचं इस्पितळ झालं तेव्हा

मंडळी, इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत आपण सगळेच पणजीतल्या माकिनेझ पॅलेसच्या आवारात चक्कर मारतो. गळ्यात पास, हातात वेळापत्रक. २००४ पासून ही वास्तू महोत्सवाची झाली, याचा आनंदच आहे. पण शंभराहून जास्त वर्षं इथं रुग्णांवर उपचार झाले. ते आपण फार लवकर विसरलो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाडा १७०२ चा, दोघा श्रीमंत भावांनी बांधलेला. तेव्हा पणजी म्हणजे मांडवीकाठचं, दलदलीनं वेढलेलं गाव. राजधानी जुने गोव्यात. आज भर शहरात उभं असलेलं हे घर मुळात गावाकडचं घर. शहर त्याच्या दाराशी आलं ते रोगराईच्या भीतीनं. जुन्या राजधानीत साथींनी माणसं पटापट मरू लागली, तेव्हा पोर्तुगीज व्हाइसरॉयनंही तिथून बिऱ्हाड हलवलं. आधी जवळच्या पानेलीला, मग १७५९ मध्ये पणजीत, आदिलशहाच्या वाड्यात.

इस्पितळानंही तीच वाट धरली. गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कच्या काळात जुने गोव्यात सुरू झालेलं ते पोर्तुगालच्या राजाचं इस्पितळ. सतराव्या शतकाच्या आरंभी पिरार द लाव्हाल हा फ्रेंच प्रवासी आजारी अवस्थेत तिथं दाखल झाला होता. याच्या तोडीचं इस्पितळ जगात नसेल, असं तो लिहून गेला. पुढे इस्पितळाला उतरती कळा लागली, ते पानेलीला गेलं आणि १८४२ मध्ये पणजीच्या या वाड्यात आलं. त्याच वर्षी, ५ नोव्हेंबरला, गव्हर्नर कोंद दास आन्तास यांनी वैद्यकीय शाळा स्थापन केली. पणजीला शहराचा दर्जा मिळाला तो १८४३ मध्ये. आधी इस्पितळ, मग शहर!

ही शाळा आशियातली पहिली, असं आपण अभिमानानं सांगतो. कलकत्ता आणि मद्रासची वैद्यकीय महाविद्यालयं १८३५ ची, मुंबईचं ग्रँट १८४५ चं. पहिलेपणाचा हट्ट कशाला? आपल्या मांद्र्यात जन्मलेले भाऊ दाजी लाड ग्रँटमध्ये डॉक्टर होत होते, तेव्हा पणजीतही गोव्याची मुलं शरीरशास्त्र शिकत होती, एवढं मोठेपण पुरेसं आहे.

त्या काळच्या गोव्यातल्या घरांची बांधणी आठवा. जाड चिऱ्यांच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा, उंच छत, समोरासमोर खिडक्या. दूषित हवेनं रोग होतो असं वैद्यकच मानत होतं, तेव्हा नदीवरचा वारा खेळवणारं घर डॉक्टरांना हवंसं वाटलं असणार.

इथून पदवी घेतलेले कितीतरी डॉक्टर मोझांबिक आणि अंगोलात गेले. साथींत राबले ते हेच. आणि पोर्तुगालात व्यवसाय करायचा, तर त्यांना तिथं जाऊन पुन्हा शिकावं लागे! वसाहतीत चालणारं ज्ञान मायदेशात अपुरं ठरे. हा अन्याय या वाड्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत लिहायला हवा.

गोवामुक्तीनंतर, १९६३ मध्ये, शाळेचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि मुंबई विद्यापीठाशी जोडलं गेलं. पुढे सगळा पसारा पणजीजवळच्या बांबोळीला गेला. पणजीत आजही लोक या परिसराला ‘जुनं गोमेकॉ’च म्हणतात. तुमच्यातल्या काहींचा जन्मही तिथलाच असेल.

म्हणून एक विनंती. आजोबा-पणजोबांची पदवीपत्रं, औषधांच्या चिठ्ठ्या, आफ्रिकेतून आलेली पत्रं घरात असतील, तर पावसाळ्यात कसर लागण्याआधी त्यांच्या प्रती काढा आणि पणजीच्या पुराभिलेख खात्याकडे नेऊन दाखवा.