आधी ताट, मग कवायत

नमस्कार. विषय पत्रिकेत छापलेला आहे: युद्धकाळातल्या ब्रिटनमधली शाळकरी मुलं, त्यांची तब्येत, व्यायाम आणि मोफत जेवण. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जायचंच आहे. पण ती हकिकत बोअर युद्धापासून, म्हणजे १८९९ ते १९०२ मध्ये ब्रिटनने दक्षिण आफ्रिकेत लढलेल्या युद्धापासून, आणि एका वजनकाट्यापासून सुरू केल्याशिवाय समजत नाही, असं माझं ठाम मत आहे.

बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण तपासणीत बाद झाले. दात किडलेले, छाती अरुंद, वजन कमी. यावर सरकारला पहिल्यांदा काय सुचलं, तर कवायत! १९०२ साली शाळांसाठी निघालेला व्यायामाचा अभ्यासक्रम थेट सैनिकी कवायतीवर बेतलेला होता. अहो, सकाळपासून पोटात काही नसलेल्या पोराला 'सावधान', 'विश्राम' शिकवून त्याची छाती कशी भरणार? टीका झाली आणि दोन वर्षांत तो गुंडाळावा लागला. मग १९०६ साली शाळेत जेवण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना मिळाली. लक्षात घ्या, मुभा, सक्ती नव्हे. शाळेतली वैद्यकीय तपासणी पुढच्याच वर्षीच्या कायद्याने आली.

आता तो वजनकाटा. ब्रॅडफर्ड हे उत्तर इंग्लंडमधलं लोकरीच्या गिरण्यांचं शहर. तिथे १९०७ साली शाळांचे वैद्यकीय अधिकारी डॉ. राल्फ क्राउली आणि पाकशिक्षणाच्या पर्यवेक्षिका मॅरिअन कफ यांनी गरजू घरांतली ४० मुलं निवडली. सकाळी ओटची लापशी, दूध, पाव. दुपारी गरम जेवण. टेबलावर स्वच्छ कापड, फुलं, आणि वाढायला वरच्या वर्गातल्या मुली. मुलांचं वजन नियमित घेतलं जाई, आणि तुलनेसाठी हे जेवण न मिळणाऱ्या मुलांचंही. जेवणारी मुलं भराभर वाढली. मधे सुट्टी लागली, जेवण थांबलं, वजन उतरलं. शाळा उघडली, पुन्हा चढलं. हा आलेख मला फार मोलाचा वाटतो, कारण जेवण सुरू आणि जेवण बंद, दोन्हींचा परिणाम त्याच मुलांच्या अंगावर दिसला. नुसती आधीची आणि नंतरची वजनं लिहिली असती, तर 'वाढीचं वय आहे, वाढणारच' म्हणून कुणीही मोडीत काढली असती. सुट्टीत जेवण देण्याची परवानगी कायद्याने मिळाली ती मात्र १९१४च्या ऑगस्टमध्ये, पहिलं महायुद्ध पेटल्यावर.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा दुसरं महायुद्ध भरभर सांगतो.

सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने शहरांतली मुलं खेड्यांत हलवली आणि त्यांच्या उवा, खरूज, फाटके बूट साऱ्या देशाला दिसले. १९४० साली रोज शाळेत जेवणारी मुलं सुमारे एक लाख तीस हजार होती. १९४५ पर्यंत ती सोळा लाखांवर गेली. कारण उघड आहे. आया कारखान्यांत गेल्या, घरचं रेशन अपुरं पडू लागलं. जेवण केवळ गरिबांचं राहिलं नाही, म्हणून त्याची लाजही ओसरली. बहुतेक मुलं थोडे पैसे भरत. ज्यांना झेपत नसे त्यांना मोफत. १९४१ साली एका जेवणासाठी सुमारे १००० उष्मांकांचं मान ठरलं.

चुकलं कुठे, तर अनेक शाळांचं जेवण एकत्र रांधणाऱ्या मध्यवर्ती स्वयंपाकघरांत. कोबी सकाळीच उकळायचा, उष्णतारोधक डब्यांत भरायचा आणि मोटारीतून शाळेत पोचेपर्यंत तास-दीड तास गरम ठेवायचा. यात क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. रंग हिरवा राहावा म्हणून सोडा घातला तर आणखीच. उपाय साधा आहे: भाजी वाढण्याच्या आधी, थोड्या पाण्यात, थोडी थोडी शिजवायची, नाहीतर कोबी बारीक चिरून कच्चाच द्यायचा, बटाटे सालासकट उकडायचे.

व्यायामाचं काय? १९३३चा अभ्यासक्रम चांगला होता, खेळाचा, मोकळ्या हालचालींचा. पण तरुण शिक्षक सैन्यात गेले, कुठे सभागृहं दुसऱ्या कामांना लागली, रबर दुर्मिळ झाल्यामुळे कॅनव्हासचे बूट मिळेनात, आणि जून १९४१ पासून कपड्यांनाही कूपन लागू लागलं. मैदानावरचा तास आखडला, तरी दुपारचं ताट चालू राहिलं. १९४४च्या शिक्षण कायद्याने जेवण आणि दूध पुरवणं हे स्थानिक शिक्षण संस्थांचं कर्तव्य ठरवलं. १९४६ पासून एक तृतीयांश पाइंट, म्हणजे सुमारे १९० मिलिलिटर दूध शाळेतल्या प्रत्येक मुलाला फुकट मिळू लागलं. जेवणाला मात्र, ज्यांना झेपत होतं त्यांना, पैसे द्यावेच लागत राहिले.