दगड ओवताना

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय खऱ्या दगडांच्या दागिन्यांबद्दल. विकत घ्यायच्या नव्हे, घरी बसून आपल्या हातानं करायच्या. त्याला भट्टी लागत नाही, मूस लागत नाही, सोनं तर मुळीच लागत नाही. मणी, दोरा किंवा तार, दोन-तीन पकडी आणि पोरं शाळेत गेल्यावरची निवांत दुपार, एवढ्यावर भागतं.

हा मोबाइलवर बघून शिकायचा शहरी शौक आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी जरा पायाखाली बघावं. आपला मराठवाडा काळ्या पाषाणाचा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्ह्याचे थरावर थर साचले. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि पोकळ्या तयार झाल्या. पुढं त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यातली सिलिका, म्हणजे गारेचं द्रव्य, आतून साचत गेली. कुठं अकीक म्हणजे अगेट झाला, कुठं स्वच्छ स्फटिक, कुठं जांभळा कटेला म्हणजे अमेथिस्ट. विहीर खणताना निघणाऱ्या, नांगराच्या फाळाला लागणाऱ्या पांढुरक्या गारगोट्या याच घराण्यातल्या. गोदावरीच्या पात्रातल्या गोट्यांतही अकीक सापडतो. ओला केला की त्याच्या रेघा उठून दिसतात.

आणि आपल्या लोकांना हे फार आधीपासून ठाऊक होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ म्हणून ती ओळखली जाते, लिहिणाऱ्याचं नाव मात्र राहिलं नाही. त्यात आपली दोन गावं आहेत, पैठण आणि तेर. तेरहून कापड आणि पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून गुजरातेतल्या भडोचच्या बंदराला जात, रस्ते नसलेल्या मोठ्या मुलखातून. पैठण ते भडोच वीस दिवसांची वाट, असंही तो सांगतो. सातवाहनांच्या काळातले हे मणी पैठण, तेर, भोकरदन अशा ठिकाणच्या उत्खननांत निघालेत. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात कधी गेलात, तर मूर्ती बघून लगेच बाहेर पडू नका. मण्यांपाशी थांबा. आजच्यासारखी यंत्रं नसताना, नुसत्या हाताच्या जोरावर इतक्या कठीण दगडाला आरपार सरळ भोक कसं पाडलं असेल, याचा विचार करत उभं राहावंसं वाटतं.

इथंच एक गोष्ट सांगून टाकते. अशा जुन्या गावांच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, पावसाळ्यानंतर मणी उघडे पडतात आणि पोरं ते गोळा करतात. तो मणी कितीही देखणा असला तरी आपल्या माळेत ओवू नका. कुठल्या थरात, कशासोबत सापडला यावर त्याचं मोल ठरतं, आणि असा पुरातन ठेवा कायद्यानंही आपल्या मर्जीनं विकता येत नाही. तो संग्रहालयाकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे जाऊ द्या.

आपण बाजारातून तयार, भोक पाडलेले मणी घ्यायचे. दगड स्वतः कापायच्या, घासायच्या नादाला सुरुवातीला लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अकीक घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि कायमची बसते. गुजरातेत खंबातला अकीकाचे मणी करण्याची शेकडो वर्षांची परंपरा आहे, आणि तिथल्या कारागिरांना याच धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. छंदापायी कुणी हा धोका पत्करू नये. पुढं कधी घासायची वेळ आलीच, तर दगड पाण्याखाली धरून, ओलाच घासायचा.

मणी आणायचे म्हणजे कुठले? दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, “रास कोणती?” ज्यांची श्रद्धा असेल त्यांनी ज्योतिषाला विचारून खडा घ्यावा. आपल्या कामात मात्र दगडाची रास बघायची नाही, त्याचा कठीणपणा बघायचा. फ्रेडरिख मोह्स या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं १८१२ साली कठीणपणाची एक पट्टी ठरवली. सर्वांत मऊ शंखजिरं, त्याला १. सर्वांत कठीण हिरा, त्याला १०. वरच्या आकड्याचा दगड खालच्या आकड्याच्या दगडावर चरा पाडतो. आपलं नख साधारण अडीच, चाकूचं पातं साडेपाचाच्या आसपास. अकीक, स्फटिक, कटेला, टायगर आय ही सगळी मंडळी साडेसहा ते सातची. गडद निळा लाजवर्द पाच-साडेपाच, आकाशी पिरोजा पाच ते सहा. पोवळं आणि मोती मात्र तीन-चारच्या आसपास, अगदी नाजूक.

एवढं कळलं की निम्मं काम कळलं. मोत्याला लागून स्फटिकाचा मणी ओवला, तर दोघं गळ्यात रोज एकमेकांना घासणार, आणि वर्षभरात मोत्याची चकाकी उतरणार. तुळजापूरहून आणलेल्या कवड्या अकीकाबरोबर फार शोभतात, पण कवडीही मऊच. मग करायचं काय? दोघांच्या मध्ये दोऱ्याची गाठ मारायची, किंवा चांदीचा बारीक मणी घालायचा. अंगठीत मोती, पोवळं नको. भांडी घासणाऱ्या, भाकरी थापणाऱ्या हातात ती टिकत नाहीत. ती कानात, गळ्यात घालावीत. घरातल्या धुळीतसुद्धा गारेचे कण असतात, सात कठीणपणाचे. म्हणून मऊ दगड कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसायचे नाहीत.

अजिंठ्याला, वेरूळला लेण्यांच्या पायथ्याशी विक्रेते पोकळ दगड उघडून दाखवतात. आत स्फटिकांचं रान असतं, बघून हरखायला होतं. त्यातले हिरवट, पारदर्शक अपोफिलाइट आणि पिसाऱ्यासारखे गुलाबी स्टिलबाइट हे आपल्याच काळ्या दगडातले, जगभरचे संग्राहक ज्यांच्यासाठी जीव टाकतात असे. पण कठीणपणा साडेतीन ते पाच, आणि अपोफिलाइट तर ठरावीक दिशेनं चटकन चिरतो. ते कपाटात मांडावेत. अगदीच गळ्यात घालायची हौस असेल तर तारेचा पिंजरा विणून त्यात बसवावेत, भोक पाडायला जाऊ नये. आणि आतले स्फटिक भडक निळे, भडक गुलाबी किंवा पोपटी दिसले, तर ते रंगवलेले आहेत एवढं समजून भाव करा.

रंगवण्याचं म्हणाल, तर सगळंच रंगवणं फसवणूक नसते. लाल अकीक पिढ्यान्‌पिढ्या तापवूनच लाल केला जातो. दगडातलं लोह तापलं की पिवळट-तपकिरी रंग लाल होतो. बाजारातला काळाभोर सुलेमानी म्हणजे ऑनिक्स बहुतेक वेळा करड्या अकीकापासून केलेला असतो. साखरेच्या पाण्यात दगड भिजवायचा, मग गंधकाच्या तेजाबात टाकायचा. छिद्रांत शिरलेल्या साखरेचा कोळसा होतो आणि दगड काळा पडतो. हा रंग पक्का असतो, निर्धास्त घ्या. खरी फसवणूक म्हणजे हाउलाइट नावाचा पांढरा दगड निळा रंगवून पिरोजा म्हणून विकणं, किंवा काचेला स्फटिक म्हणणं. नेलपॉलिश काढायच्या द्रावात कापसाचा बोळा बुडवून मण्याच्या भोकापाशी घासा. कच्चा रंग असेल तर बोळ्यावर उतरतो. चिरांत रंग जास्त साचलेला दिसला तरी समजावं. काचेत भिंगाखाली गोल बुडबुडे दिसतात. सगळे मणी एकसारखे, एकाच छटेचे, डाग नाही, रेघ नाही, असे असतील तर मला तरी शंका येते.

आता हत्यारं. गोल टोकाची पकड, चपट्या टोकाची पकड आणि कटर. तारेचा सराव करायला चांदी आणू नका. आपल्याकडं गावोगाव पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करणारी दुकानं आहेत. तिथं तांब्याची तार वजनावर मिळते. २० गेज जरा जाड, भाग जोडायच्या कडीला आणि माळेच्या आकड्याला बरी. २४ गेज बारीक, गुंडाळायला. गेजचा आकडा जेवढा मोठा तेवढी तार बारीक, हे नव्या माणसाला हमखास उलटं वाटतं. या तारेवर लाखेसारखा थर असतो. तो काढायला तार जाळू नका, धूर वाईट असतो. आहे तशी वापरा. उलट त्या थरामुळं तांबं लवकर काळं पडत नाही. कानातल्याचा आकडा मात्र चांदीचा किंवा स्टीलचा घ्यावा. स्वस्त मुलाम्यातल्या निकेलनं पुष्कळ जणींचे कान चिघळतात.

कडी उघडायची तर तोंड ओढून फाकवायचं नाही. एक टोक पुढं, एक मागं, असं बाजूला वळवायचं आणि बंद करताना तसंच परत आणायचं. फाकवलेली कडी पुन्हा नीट मिटत नाही, आणि लग्नाच्या गर्दीत कानातलं पडलं की शोधत बसावं लागतं.

दोऱ्याची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माळ तुटते ती दगडामुळं. मण्याच्या भोकाची कड करकरीत असते, ती दोरा कुरतडत राहते. म्हणून अकीक, स्फटिक यांसारख्या वजनी मण्यांना नायलॉनचं आवरण असलेली पोलादी तार बरी. मोत्यांना रेशीम हवं, आणि दोन मोत्यांमध्ये गाठ. गाठीनं मोती घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती निसटतो. ही विद्या शिकायला क्लासच हवा असं नाही. सराफ्यात पटवेकरी बसतात. ठुशी, मोहनमाळ, पोत गाठवून देणारे, गोंडे करणारे. पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून ते गाठ मण्याला कशी भिडवतात, ते समोर बसून बघा. आपली एखादी जुनी पोत गाठवायला द्या आणि तेवढ्यात विचारून घ्या. बहुतेक जण आनंदानं सांगतात. त्यांचं गिऱ्हाईक कमी होत चाललंय, तेव्हा मजुरीत घासाघीस करू नका.

नमुन्यासाठीही फार लांब जायला नको. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात चितारलेल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या अंगावरची मोत्यांची लेणी बघा. रत्नं कमी आणि मोकळी जागा जास्त. तांड्यावरच्या बंजारा आजींकडं बघितलं तर नेमकं उलटं, कवड्या, आरसे, मणी, गोंडे, रिकामी जागा नावालासुद्धा नाही. दोन्ही सुंदर. नवशिक्यानं मात्र पहिल्या माळेत दोनच रंग घ्यावेत. आठ मिलिमीटरच्या मण्यांच्या सोळा इंची सरीत साधारण पन्नास मणी येतात. लाल अकीकाची अशी एक सर आणि थोडे चांदीचे मणी, एवढ्यात एक माळ आणि कानातल्यांची एक जोडी सहज होते.

झालेला दागिना सांभाळायचा कसा, तेही आपल्या हवेप्रमाणं. कटेला मे महिन्याच्या उन्हात खिडकीत ठेवला तर त्याचा जांभळा रंग उडत जातो. गुलाबी स्फटिकाचंही तसंच. मोती घामानं, अत्तरानं, लिंबाच्या हातानं खराब होतात, म्हणून साजशृंगार आटोपल्यावर ते शेवटी घालायचे आणि घरी आल्यावर सर्वांत आधी काढायचे. बोअरच्या जड पाण्यानं माळ धुऊ नका, दगडावर पांढरा थर चढतो. पिण्याच्या पाण्यात फडकं ओलं करून पुसा आणि सावलीत आडवी ठेवून वाळवा. टांगून वाळवली तर ओलं रेशीम ताणलं जातं आणि मण्यांमध्ये फट पडते. तशी फट दिसायला लागली, गाठी मळल्या, की दोरा तुटायची वाट न बघता ती माळ उसवून नव्या रेशमात गाठवून घ्यावी.

नमस्कार.