पात्याला दिसेल अशी रेघ

पडद्यावर दिसतो आहे तो लाकडी जाळीकामाचा एक जुना छापील नमुना. इंग्लंडमध्ये १८९५ साली सुरू झालेल्या ‘हॉबीज’ या साप्ताहिकाने असे घडीचे नमुने हौशी कारागिरांच्या घरोघरी पोहोचवले. आज ते स्कॅन होऊन संगणकावर येतात, तेव्हा कागदाचा पिवळेपणा, घड्यांच्या सावल्या आणि पसरलेली शाईही त्यांच्यासोबत येते. स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पात्याने लाकडात नक्षी कापणाऱ्या यंत्रावर, बसलेल्या माणसाला यांतले काहीच नको असते. त्याला हवी असते एक रेघ, आणि ती कुठून कुठे जाते याविषयी तिळमात्र शंका राहू नये एवढीच त्याची अपेक्षा असते.

स्क्रोल सॉचे पाच नंबरचे पाते साधारण ०.४ मिलिमीटर जाड असते. जुन्या छपाईतली रेघ मात्र पसरून बरेचदा एक मिलिमीटरच्या घरात गेलेली असते. पाते तिच्या आतल्या कडेने चालवायचे, बाहेरच्या कडेने की मधोमध, हे आधी ठरले नाही तर एकाच वेलीचा देठ एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला काडीएवढा निघतो. म्हणून नमुना साफ करणे म्हणजे केवळ डाग पुसणे नव्हे. लाकूड नेमके कुठे संपते, याचा निर्णय त्या वेळीच घ्यावा लागतो.

सुरुवात स्कॅनपासून होते. ३०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, स्कॅन केल्यास एक ठिपका सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा पडतो आणि बारीक वळणेही टिकतात. याउलट इंटरनेटवरून उतरवलेले ६०० ठिपके रुंदीचे चित्र २० सेंटिमीटरवर ताणले, तर प्रत्येक ठिपका मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा होतो आणि गोलाईच्या जागी पायऱ्या दिसू लागतात. अशा चित्रावर मेहनत घेण्यापेक्षा ते खाली ठेवून सरळ नव्याने गिरवलेले बरे.

पिवळ्या कागदासाठी एक युक्ती फार उपयोगी पडते. स्कॅन रंगीत घ्यावा आणि गिंपसारख्या चित्र सुधारण्याच्या प्रणालीत त्याचा फक्त लाल चॅनेल, म्हणजे चित्रातला लाल रंगाचा थर, वेगळा काढावा. पिवळा आणि तपकिरी रंग लाल चॅनेलमध्ये फिकट पडतो, काळी शाई मात्र काळीच राहते, त्यामुळे निम्मे डाग हात न लावताच जातात. त्यानंतर थ्रेशोल्ड, म्हणजे कुठल्या छटेपासून काळे धरायचे ती मर्यादा, वापरून चित्र निव्वळ काळ्या-पांढऱ्यात आणायचे. येथे घाई नडते: सरकपट्टी थोडी जास्त सरकली की पानाच्या टोकाशी एकत्र येणाऱ्या दोन रेघा मिसळून काळा गोळा होतो, आणि थोडी कमी पडली की बारीक रेघ मध्येच तुटते. सबंध चित्राला एकच मर्यादा लावण्याऐवजी घडीजवळचा भाग वेगळा निवडून त्याला वेगळी मर्यादा द्यावी.

आता रेघ गिरवण्याची वेळ येते. इंकस्केप या रेखाचित्रांच्या प्रणालीतील ‘ट्रेस बिटमॅप’ ही सोय पीटर सेलिंगर यांच्या पोट्रेस या प्रणालीवर चालते आणि काही क्षणांत चित्राचे पाथ, म्हणजे बदलता येणाऱ्या रेघा, करून देते. परंतु तिच्या नेहमीच्या पद्धतीत जाड रेघेच्या दोन्ही कडांचे दोन पाथ तयार होतात, पानांची टोके बोथट होतात आणि साध्या गोलाईवर नोडांची, म्हणजे रेघेला वळण देणाऱ्या बिंदूंची, गर्दी उडते. जे वर्तुळ चार नोडांत नीट बसते, त्यावर तीस नोड आले की रेघ थरथरल्यासारखी दिसते, आणि कापणारा हात तीच थरथर इमानाने लाकडात उतरवतो. म्हणून स्कॅन खालच्या लेयरवर फिका करून ठेवावा आणि पेन टूलने हाताने गिरवावे. वेळ लागतो, हे खरे. पण पाव मिलिमीटरची एकसारखी रेघ मिळते. कापून काढायच्या भागात फिकट राखाडी रंग भरला की शंकेला जागा उरत नाही, आणि रेघ काळीऐवजी लाल ठेवली तर पात्याने पाडलेली काळसर फट तिच्याजवळ चटकन ओळखू येते.

मराठी घराच्या दारावरची पाटी याच पद्धतीने करताना देवनागरीचे स्वतःचे प्रश्न पुढे येतात. शिरोरेषा अक्षरांना एकत्र धरून ठेवते, ही मोठीच सोय. पण फाँटमधली अक्षरे पाथमध्ये बदलल्यावर प्रत्येक अक्षर सुटा आकार राहते आणि जिथे शिरोरेषा एकमेकींवर चढतात तिथे उभ्या खोट्या रेघा उमटतात. ‘युनियन’ करून, म्हणजे सुटे आकार एकत्र जोडून, त्या काढल्या नाहीत तर कापणारा तिथेच अडखळतो. ‘कांबळे’ लिहिताना अनुस्वाराचा ठिपका हवेतच राहतो, तो खाली आणून शिरोरेषेला टेकवावा लागतो. ‘शिंदे’मध्ये तोच ठिपका वेलांटीच्या कमानीला चिकटवला तर अधिक शोभतो. अक्षरेच कोरून काढायची असतील, तर ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, म्हणून तिथे दोन-तीन मिलिमीटरचा पूल सोडावा. तो अक्षराच्या वळणातच मिसळून द्यावा, आडवी पट्टी ठेवू नये.

शेवटी छपाई. अमेरिकेतले नमुने लेटर कागदासाठी, म्हणजे २१५.९ मिलिमीटर रुंदीसाठी केलेले असतात. आपला ए-फोर २१० मिलिमीटरचा. प्रिंटरने ‘फिट टू पेज’ म्हणून तो नमुना आपणहून आक्रसला, तर ६ मिलिमीटर प्लायसाठी ठेवलेली खाच ५.८४ची होते आणि जोड बसत नाही. तिकडची पाव इंचाची खाच ६.३५ मिलिमीटरची असते. तीत आपला प्लाय खुळखुळतो, म्हणून ती आधीच ६वर आणावी. पानाच्या कोपऱ्यात ५० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवावा, छपाई १०० टक्क्यांवर करावी आणि तो पट्टीने मोजून बरोबर भरला, तरच कागद प्लायवर डकवून ड्रिलने पहिले भोक पाडावे.